पॅलिएटिव्ह केअर: रुग्णाच्या घरच्यांचे आणि सेवा देणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गंभीर आजारी माणसाला सांभाळणारे घरचे लोक आणि वॉर्डात त्याच्यासाठी राबणारे डॉक्टर-नर्स, या दोघांना पुन्हा पुन्हा पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमधले औषधांचे उल्लेख विषय समजावा म्हणून आहेत. तुमच्या रुग्णाला काय आणि किती द्यायचं हे त्याला तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

पॅलिएटिव्ह केअरमध्ये नेमकं काय करतात?

आजार बरा होवो न होवो, त्याच्यामुळे होणारा त्रास कमी करतात. दुखणं तर आलंच, पण दम लागणं, मळमळ, बद्धकोष्ठता, झोप न लागणं, भीती, पैशाची चिंता, 'माझ्यामागे घराचं कसं होणार' हा घोर, हे सगळं त्यात येतं. म्हणून टीममध्ये डॉक्टर आणि नर्सबरोबर समुपदेशक, समाजसेवक, फिजिओथेरपिस्ट असतात आणि रुग्णाला हवी असेल तर धार्मिक आधार देणारी व्यक्तीही असते.

आज दिसणाऱ्या पद्धतीचा पाया सिसिली सॉन्डर्स यांनी घातला. त्या आधी नर्स होत्या, मग हॉस्पिटलात समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र) सुरू केलं. शरीर, मन, नाती आणि श्रद्धा यांची दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात, हे त्यांचं म्हणणं आम्हाला कामावर रोज पटतं. औषधांचा डोस वाढवत नेऊनही ज्याचं दुखणं आटोक्यात येत नाही, अशा रुग्णाशी नर्स निवांत बोलते तेव्हा कळतं की भावाशी कित्येक वर्षं बोलणं बंद आहे आणि तो भेटल्याशिवाय जायचं नाही असं त्याच्या मनात आहे. अशा वेळी डोस वाढवण्याबरोबरच भावाला फोन करणं हासुद्धा उपचाराचाच भाग असतो.

पॅलिएटिव्ह टीमकडे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असं समजायचं का?

अजिबात नाही. केमोथेरपी, डायलिसिस, हृदयाची औषधं चालू असतानाच ही सेवा सुरू करता येते, किंबहुना तशीच करावी. २०१० साली अमेरिकेत फुफ्फुसाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या कॅन्सर उपचारांबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली. त्यांच्या दिवसांचा दर्जा सुधारला, नैराश्य कमी राहिलं, शेवटच्या काळात जड उपचार कमी झाले. आणि आयुष्य? पहिल्यापासून ही सेवा मिळालेल्या गटात मधला आकडा (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो) ११.६ महिने होता, दुसऱ्या गटात ८.९ महिने. प्रत्येक आजारात असंच होईल असं यावरून म्हणता येत नाही, पण 'ही सेवा घेतली की माणूस लवकर जातो' या समजाला मात्र यात काडीचा आधार नाही.

मग सुरुवात कधी करावी?

त्रास सुरू झाला की. एवढं उत्तर पुरेसं आहे, पण लोक थांबतात, म्हणून काही खुणा सांगतो. वर्षात दोन-तीनदा दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, न ठरवता वजन उतरत चाललं, दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागू लागली, किंवा आता पुढचे उपचार नकोत असं रुग्ण स्वतःच म्हणू लागला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांसाठी एक सोपा प्रश्न आहे: हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का? 'नाही वाटणार' असं मन म्हणत असेल, तर बोलणं सुरू करायची वेळ झालेली आहे.

ही सेवा फक्त कॅन्सरच्या रुग्णांसाठीच असते का?

नाही. थकलेलं हृदय, फुफ्फुसांचे जुने आजार, निकामी होत चाललेली किडनी किंवा यकृत, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन्स, मोटर न्यूरॉनचे आजार, एचआयव्ही, जन्मजात गंभीर आजार असलेली बाळं, सगळ्यांसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना हिची गरज असते आणि मिळते ती जेमतेम १४ टक्के लोकांना.

कॅन्सर नसलेल्यांच्या वाट्याला ती आणखी कमी येते, कारण त्यांचा उतार सरळ नसतो. हृदय थकलेला रुग्ण अगदी अत्यवस्थ होतो, दाखल होतो, पुन्हा चालता होऊन घरी जातो. आता वेळ आली आहे, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही आणि विषय पुढे ढकलला जातो. म्हणून या रुग्णांच्या बाबतीत आयुष्य किती उरलंय यापेक्षा त्रास किती आहे, हे बघून सेवा सुरू करावी.

मॉर्फिन म्हणजे व्यसन, आणि व्यसन नाही तर शेवट, असं ऐकलंय. ते घ्यावं का?

या एका भीतीपायी जितकी माणसं विनाकारण दुखणं सोसतात तितकी दुसऱ्या कशापायी सोसत नसतील, म्हणून याचं उत्तर सविस्तर देतो.

तीव्र दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागण्याचा धोका फार कमी असतो. काही आठवडे घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते, त्यामुळे ते एकदम बंद करत नाहीत, हळूहळू उतरवतात. पण ही सवय म्हणजे व्यसन नव्हे. ज्याने आयुष्यात पूर्वी दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन केलं आहे त्याने ते मोकळेपणाने सांगावं. त्यालाही दुखण्यावर औषध मिळतंच, फक्त जास्त लक्ष ठेवून दिलं जातं.

मॉर्फिनने मरण ओढवतं, हाही गैरसमजच. लहान डोसपासून सुरुवात करून, परिणाम बघत बघत वाढवलेलं मॉर्फिन श्वास थांबवत नाही. साधी गोळी किंवा द्रावण साधारण दर चार तासांनी दिलं जातं, आणि मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस डॉक्टर वेगळा लिहून देतात. दुखायला लागल्यावर घेऊ, असं करू नका. वेळेवर घेतलं तर दुखणं डोकं वर काढत नाही आणि एकूण औषधही कमी लागतं.

दोन प्रकारचे त्रास मात्र ठरलेले. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू व्हायला हवं. ते चिठ्ठीत दिसत नसेल तर डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन शरीरात साठत जातं, अशा वेळी डोस कमी करतात किंवा औषधच बदलतात. रुग्ण हाक मारून, हलवून जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढचा डोस न देता लगेच टीमला फोन करा.

मॉर्फिन जुनं आणि स्वस्त औषध आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं. तरीही २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडलेला हिशेब असा: मॉर्फिन आणि त्याच्यासारखी दुखण्यावरची औषधं, मॉर्फिनच्या मापात मोजली तर, जगात वर्षाला सुमारे २९८ टन वाटली जातात आणि त्यातलं सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येतं ०.१ टन. इतकं साधं औषध इतक्या माणसांपर्यंत पोहोचत नाही, याची चीड यायलाच हवी.

रुग्ण बोलत नाही. दुखतंय हे कसं ओळखायचं?

चेहरा बघा. कपाळावर आठ्या, घट्ट मिटलेले डोळे, कूस बदलताना निघणारा हुंकार, आखडून घेतलेले पाय, हात लावू न देणं, नेहमीपेक्षा जोरात किंवा धापा टाकत चाललेला श्वास, जवळ बसून समजूत घातली तरी शांत न होणं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी नर्स अशाच खुणांना गुण देऊन ० ते १० असा आकडा काढतात. घरच्यांनी आकडे काढत बसायची गरज नाही. 'नेहमीचा हा माणूस असा वागत नाही' हे तुम्हाला कुठल्याही यंत्राआधी कळतं, तेवढं स्पष्टपणे सांगा.

बोलू शकणाऱ्यांच्या बाबतीत वेगळी अडचण असते. डॉक्टर फेरीला आले की रुग्ण म्हणतो, "बरं आहे." रात्री तोच उशीत तोंड खुपसून कण्हत असतो. कारण विचारलं तर कळतं, तक्रार केली की केमो थांबवतील असं त्याला वाटत असतं, किंवा दुखणं वाढलं म्हणजे आजार वाढला हे घरच्यांना कळू द्यायचं नसतं. म्हणून 'बरं आहे ना?' असं विचारू नका. 'शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं, तर काल रात्री किती होतं?' असं विचारा. उशाशी एक वही ठेवा आणि तीत वेळ, आकडा, दिलेलं औषध आणि तासाभराने पुन्हा आकडा लिहा. चार दिवसांची अशी वही दाखवली की डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

दम लागला की सगळेच घाबरतो. घरी काय करता येईल?

आधी रुग्णाला उठवून बसवा, पुढ्यात उशी देऊन तिच्यावर हात टेकवू द्या. खोलीतली गर्दी कमी करा, खिडकी उघडा. छोटा हातपंखा किंवा बॅटरीवरचा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, गाल आणि नाकाच्या बाजूला वारा लागेल असा धरा. गालांवर गार वारा लागला की दम लागल्याची जाणीव कमी होते, हे अभ्यासांत दिसलं आहे. त्याच्याबरोबर तुम्हीही सावकाश श्वास सोडा, तुमची लय तो पकडतो.

रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तर ऑक्सिजनचा उपयोग होतो. नसेल तर नळीच्या ऑक्सिजनने फारसा फरक पडत नाही, साध्या वाऱ्यानेही तेवढंच बरं वाटतं. औषधांपैकी अगदी लहान डोसातलं मॉर्फिन दम लागण्यावरही चालतं. छातीत पाणी, रक्त कमी होणं, जंतुसंसर्ग अशी बरी करण्याजोगी कारणं डॉक्टर आधी तपासतीलच.

जखमेला वास येतो. लोक खोलीत यायचं टाळतात. यावर काही उपाय आहे का?

आहे, आणि कुणी सहसा विचारत नाही म्हणून मुद्दाम इथे घेतला. कॅन्सरची जखम फुटली की तिच्यात ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू माजतात, वास त्यांचाच असतो. मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाची जेल किंवा गोळीची पूड जखमेवर लावली की तो बहुधा काही दिवसांत उतरतो. पट्टी चिकटू नये म्हणून ती सलाईनने भिजवून सोडवायची. पट्टी बदलण्याआधी अर्धा तास दुखण्याचं औषध द्यायचं. वास गेला की माणसं पुन्हा जवळ बसू लागतात, आणि रुग्णाला त्याचा आधार किती वाटतो हे सांगता येणार नाही.

खाणं सुटलं आहे. सलाईन लावलं नाही तर उपाशी मारल्यासारखं होईल ना?

हा प्रश्न विचारताना घरच्यांचा आवाज भरून येतो, कारण आपल्या माणसाला भरवणं ही मायेची सवय असते. पण आजार शेवटाकडे जातो तेव्हा शरीराला अन्नाची गरजच उरत नाही, ते पचवण्याची ताकद राहत नाही. न खाल्ल्यामुळे माणूस जात नसतो. तो चालला आहे म्हणून त्याला खावंसं वाटत नाही. जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागतो, अन्न फुफ्फुसात जातं, उलट्या होतात.

सलाईनबद्दल २०१३ साली हॉस्पिसच्या कॅन्सर रुग्णांवरचा एक नीट आखलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना रोज एक लिटर सलाईन दिलं, काहींना नावापुरतं १०० मिलिलिटर. गुंगी, थकवा, भ्रम, जगण्याचे दिवस, कशातच ठळक फरक पडला नाही. जास्तीचं पाणी कधी पायांवर सूज आणतं, कधी छातीत घरघर वाढवतं. शेवटचे दिवस अजून दूर असताना, उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असेल तर मात्र सलाईन जरूर द्यावं.

खरी तगमग असते ती तोंडाच्या कोरडेपणाची, आणि तिच्यासाठी घरच्यांना खूप काही करता येतं. मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेलं स्वच्छ ओलं कापड घ्या, गालांच्या आतून, जिभेवरून, हिरड्यांवरून हलकेच फिरवा. जागेपणी दर एक-दोन तासांनी करा. ओठांना व्हॅसलीन लावा, मात्र नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर पाण्यात मिसळणारं मलम वापरा. गिळता येत असेल तर त्याच्या आवडीची चव असलेले दोन-चार थेंब जिभेवर सोडा. भरवण्याची जी माया आहे ती इथे पूर्णपणे उतरते.

आजाराचं खरं रूप रुग्णाला सांगू नका, अशी घरच्यांची विनंती असते. सांगायचं की नाही?

बहुतेक वेळा रुग्णाला अंदाज आलेला असतो. आपल्या शरीराचं काय चाललंय ते त्याला कळतं, दाराबाहेरची कुजबुज ऐकू येते, डोळे पुसून आत आलेली मुलगी दिसते. त्याला माहीत आहे, घरच्यांना माहीत आहे आणि दोघंही एकमेकांना सांभाळण्यासाठी गप्प आहेत, असं चित्र आम्हाला फार वेळा दिसतं. त्यात जातो तो वेळ, जो बोलण्यासाठी सर्वांत मोलाचा होता.

घरच्यांच्या विनंतीमागे माया असते, म्हणून त्यांच्यावर चिडू नये. आधी त्यांना विचारावं: सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते? मग त्यांच्या परवानगीने रुग्णाशी बोलताना सुरुवात त्याच्याकडूनच करावी. "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय?" "सगळं तपशीलवार जाणून घ्यायला आवडेल, की ते तुमच्या मुलाशी बोलू?" काहीजण खरोखरच म्हणतात, मला नको सांगू, तिला सांग. तोही त्यांचा हक्क आहे. ज्याला जाणून घ्यायचं आहे त्याच्याशी खोटं मात्र बोलू नये. एका बैठकीत सगळं ओतायचं नसतं. एक वाक्य सांगा, थांबा, त्याला रडू द्या, त्याच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघा. हातातला मोबाइल खिशात ठेवा आणि उभ्याउभ्या बोलू नका. या दोन गोष्टींनी संभाषणात किती फरक पडतो ते करून बघा.

"किती दिवस?" याचं उत्तर डॉक्टर सरळ का देत नाहीत?

कारण अंदाज चुकतात, आणि बहुतेकदा एकाच बाजूला चुकतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हॉस्पिसमधल्या ४६८ रुग्णांबद्दल डॉक्टरांचे अंदाज तपासले. पाचातला एकच अंदाज बरोबर निघाला आणि एकूणात डॉक्टरांनी रुग्णाला प्रत्यक्षापेक्षा पाचपटीहून जास्त आयुष्य दिलं होतं. म्हणून आकड्याऐवजी 'महिने', 'आठवडे', 'दिवस' अशा टप्प्यांत उत्तर मागा. दुसरी एक युक्ती: बदल महिन्या-महिन्याने दिसत असेल तर उरलेला काळ साधारण महिन्यांचा, आठवड्या-आठवड्याने दिसत असेल तर आठवड्यांचा, रोज दिसत असेल तर दिवसांचा. परगावच्या मुलाला कधी बोलवायचं, हे ठरवायला एवढं पुरतं.

व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे आधीच ठरवता येतं का?

येतं, आणि रुग्ण शुद्धीवर असताना, घाईगडबड नसताना ठरवावं. कागदावर लिहून ठेवण्याची कायदेशीर पद्धत प्रत्येक देशात वेगळी आहे, ती हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडून समजून घ्या. कागदापेक्षा बोलणं आधी. "तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं?" "कशाची भीती वाटते?" "जास्त वेळ मिळावा म्हणून काय काय सोसायची तयारी आहे?" आणि "तुम्हाला बोलता येईनासं झालं तर तुमच्या वतीने कोण बोलेल?" या चार प्रश्नांची उत्तरं घरातल्या सगळ्यांनी एकत्र ऐकली असतील, तर आयसीयूच्या दारात भावंडांची भांडणं होत नाहीत.

व्हेंटिलेटर नको म्हटलं म्हणजे काळजी नको, असा अर्थ होत नाही. दुखणं, दम, तगमग यांवरचे उपचार शेवटच्या श्वासापर्यंत चालूच राहतात.

शेवटी झोपेचं औषध देतात, तो दयामरणाचाच प्रकार आहे का?

नाही. कुठल्याच उपायाने न थांबणाऱ्या तगमगीसाठी, त्रास थांबेल एवढीच गुंगी दिली जाते आणि डोस त्रासाच्या मापाने ठरतो. उद्देश आराम हा आहे, मरण हा नाही, आणि दिलेल्या प्रत्येक डोसाची कारणासह नोंद होते.

घरी ठेवणं झेपेल का?

बऱ्याच रुग्णांना घरीच राहायचं असतं आणि बऱ्याच घरांना ते जमतं, पण तीन गोष्टी असल्या तर. रात्री-अपरात्री उचलला जाणारा एक फोन नंबर हवा. पुढच्या संभाव्य त्रासांसाठीची औषधं आधीच घरात, कधी काय द्यायचं याच्या चिठ्ठीसह, हवीत. आणि काळजी घ्यायला एकापेक्षा जास्त माणसं हवीत. यातला फोन सर्वांत महत्त्वाचा. मध्यरात्री दोन वाजता घाबरून गाठलेल्या इमर्जन्सी विभागाच्या फेऱ्यांपैकी कितीतरी फेऱ्या दोन मिनिटांच्या बोलण्याने टळू शकतात.

गिळता येईनासं झालं तर बरीच औषधं त्वचेखाली लावलेल्या बारीक सुईतून देता येतात. शीर शोधावी लागत नाही, आणि नर्सने शिकवलं तर घरचेही देऊ शकतात. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदला, कंबर आणि टाचा रोज बघा. लाली दिसली की त्या जागेवर भार देऊ नका आणि चोळूही नका.

शेवटचे दिवस जवळ आले हे कशावरून कळतं?

झोप वाढते, पाणी पिणंही थांबतं, लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर जांभळट नक्षी उमटते. श्वास भराभर चालतो, मग थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात साठलेल्या स्रावाने घरघर होते. ऐकणाऱ्याला ती भीतीदायक वाटते, पण रुग्णाला तिचा त्रास बहुधा जाणवत नसतो. कुशीवर वळवून डोकं थोडं उंच केलं की ती कमी होते. नळी घालून सतत ओढत बसू नये.

अचानक तगमग सुरू झाली, कपडे ओढणं, उठून जायचा प्रयत्न करणं असं दिसलं, तर आधी पोट चाचपा. तुंबलेली लघवी किंवा साठलेला मळ हे कारण असू शकतं आणि ते झटकन दूर करता येतं. रक्तदाब, साखर, तपासण्यांसाठी रक्त काढणं, हे सगळं आता थांबवा. ज्या औषधाने आज आराम पडत नाही तेही थांबवा. बोलत राहा. डोळे मिटलेले असले तरी ऐकू येत असावं, असं दाखवणारे पुरावे आहेत.

घरातल्या लहान मुलांना यापासून दूर ठेवावं का?

नको. मुलांना बदल जाणवतोच, आणि कुणी काही सांगितलं नाही तर 'माझ्यामुळेच झालं' असं ती मनाशी ठरवून टाकतात. वयाला झेपेल अशा सरळ शब्दांत सांगा. 'झोपी गेले', 'लांब गेले' असं म्हणू नका, मूल झोपायला घाबरू लागतं. भेटायचं की नाही, हे त्याला ठरवू द्या.

सांभाळणाऱ्या माणसाला कोण सांभाळणार?

टीमने सांभाळायचं, तो तिच्या कामाचाच भाग आहे. दर भेटीत घरच्या मुख्य माणसाला बाजूला घेऊन 'तुम्ही झोपता का? जेवता का?' हे विचारायला हवं. सांभाळणाऱ्यांनो, आठवड्यातून काही तास दुसऱ्याच्या हाती सोपवून बाहेर पडणं म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे. 'आता सुटावं एकदाचं' असा विचार मनात येऊन गेला तरी स्वतःला गुन्हेगार समजू नका. थकलेल्या माणसाच्या मनात तो येतोच.

आमचं हॉस्पिटल छोटं आहे, तज्ज्ञ कुणी नाही. सुरुवात कुठून करायची?

इमारत, वेगळा वॉर्ड, मोठा निधी यांची वाट बघू नका. युगांडात १९९३ साली सुरू झालेल्या हॉस्पिस आफ्रिकाने पूड, पाणी आणि टिकवण्यासाठीचा पदार्थ एवढ्यावर तोंडाने घ्यायचं मॉर्फिनचं द्रावण बनवून घरोघर पोहोचवलं. २००४ मध्ये तिथे प्रशिक्षित नर्सना मॉर्फिन लिहून देण्याची कायद्याने मुभा मिळाली. त्याच १९९३ साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात एका बाह्यरुग्ण विभागापासून सुरुवात झाली, पुढे शेजारीपाजारी स्वयंसेवक होऊन घरोघर जाऊ लागले आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं राज्य धोरण केलं. दोन्हीकडे औषध, प्रशिक्षित नर्स आणि घरापर्यंत पोहोचणारी माणसं, यांवरच सगळं उभं राहिलं.

तुमच्याकडे पहिलं काम एवढंच करा: दाखल असलेल्या प्रत्येक गंभीर रुग्णाला रोज ० ते १० आकड्यांत दुखणं, दम आणि चिंता विचारा आणि नाडी-तापमानाच्या तक्त्यावरच ते लिहा. कॅनडातल्या एडमंटनमध्ये १९९१ साली तयार झालेला लक्षणांचा तक्ता जगभर वापरला जातो, तोच घेता येईल. मग नियम करा, आकडा ४ च्या वर गेला की एका तासात कुणीतरी काहीतरी करायचं आणि पुन्हा विचारायचं. तक्त्यावर आकडा ८ असताना सही करून पुढच्या खाटेकडे जाण्याची सवय मोडणं, हे आम्हाला तरी सगळ्यांत अवघड गेलं.

दुसरं, मॉर्फिनचा परवाना, साठा आणि नोंदवही यांची जबाबदारी एका नावानिशी माणसावर द्या. सगळ्यांची जबाबदारी म्हटलं की शुक्रवारी संध्याकाळी कपाटाची किल्ली सापडत नाही. तिसरं, वॉर्डातल्या सगळ्या नर्सना आणि मदतनिसांना शिकवा, कारण रात्री त्याच असतात. घरभेटी आणि स्वयंसेवक त्यानंतर येतील.

सेवा सुधारते आहे की नाही, हे कसं मोजायचं?

किती रुग्ण पाहिले हा आकडा फार काही सांगत नाही. पहिल्या भेटीत ज्यांचं दुखणं ७ किंवा वर होतं, त्यांच्यापैकी कितीजणांचं ४८ तासांत निम्म्यावर आलं ते मोजा. निदानानंतर किती दिवसांनी रुग्ण टीमकडे आला, मॉर्फिन घेणाऱ्यांपैकी कितीजणांच्या चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध होतं, जिथे राहायचं होतं तिथे शेवटचे दिवस कितीजणांना काढता आले, तेही मोजा. दर महिन्याला एका रुग्णाची कहाणी पहिल्या दिवसापासून उलगडून टीममध्ये मोकळेपणाने बोला, दोष कुणालाही न देता. आणि घरच्यांना काही आठवड्यांनी फोन करून विचारा, काय हवं होतं जे मिळालं नाही? त्या उत्तरांतून पुढच्या महिन्याचं काम ठरतं.

रुग्ण गेल्यानंतर टीमचं काम संपतं का?

नाही. सांभाळणाऱ्याचे अनेक महिने एकाच वेळापत्रकात गेलेले असतात आणि ते एका दिवसात थांबतं. काही आठवड्यांनी एक फोन, आणि काही महिन्यांनी आणखी एक, एवढं तरी व्हायला हवं. दुःखाला ठरलेली मुदत नसते. पण कित्येक महिने लोटले तरी कामं सुचत नसतील, झोप पार उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर समुपदेशकाकडे नेण्याची वेळ आहे. जीव देण्याचा विचार बोलून दाखवला तर त्याच दिवशी न्या.

उरलेल्या औषधांचं काय करायचं?

मॉर्फिन आणि तशी इतर औषधं जिथून मिळाली तिथे मोजून परत द्या आणि पोच घ्या. वेदना कमी करणाऱ्या चिकटपट्ट्या वापरून झाल्या तरी त्यांत औषध उरलेलं असतं, म्हणून चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि त्यांबरोबरच परत करा. दुसऱ्या कुणाच्या दुखण्यासाठी ही औषधं देऊ नका, त्याला तो डोस जीवघेणा ठरू शकतो. हवेची गादी, व्हीलचेअर, ऑक्सिजनचं यंत्र टीमकडे दिलंत, तर साफ करून ते पुढच्या घरी जातं.